काल्पनिक हुकूमशाह्यांचा खरा जमाखर्च

जॉर्ज ऑर्वेलच्या ‘1984’ या कादंबरीत बुटांचा एक हिशेब आहे. नायक विन्स्टन स्मिथ सरकारी कचेरीत जुनी वर्तमानपत्रं ‘दुरुस्त’ करतो, म्हणजे छापून गेलेला मजकूर बदलतो आणि मूळ अंक जाळायला पाठवतो. एक दिवस त्याच्यापुढे बूट-उत्पादनाचा आकडा येतो. तिमाहीत 14.5 कोटी जोड बनतील, असा सरकारचा अंदाज छापून गेलेला असतो. प्रत्यक्षात 6.2 कोटी बनले, असं सांगितलं जातं. विन्स्टन जुना अंदाजच खाली ओढून 5.7 कोटी करतो, म्हणजे उद्दिष्टापेक्षा जास्त उत्पादन झालं अशी घोषणा करायला सरकार मोकळं. हे करताना त्याच्या मनात येतं, की बहुधा एकही जोड बनलेला नसेल. निम्मा देश अनवाणी फिरतोय, एवढं मात्र खरं.

थोड्या वेळानं जेवणाच्या सुट्टीत दुसरी घोषणा होते. चॉकलेटचं रेशन आठवड्याला 20 ग्रॅमपर्यंत वाढवलं म्हणून लोकांनी मिरवणुका काढून नेत्याचे आभार मानले! आदल्याच दिवशी ते 30 ग्रॅमवरून 20 वर आणल्याचं जाहीर झालेलं असतं. विन्स्टनबरोबर जेवणारा शेजारी ही बातमी निमूटपणे खरी मानतो.

या कादंबरीचं नाव निघालं की लोकांना भिंतीवरचा पडदा, पाळत ठेवणारा कॅमेरा आणि छळाची खोली आठवते. मला मात्र बूट आणि चॉकलेट जास्त महत्त्वाचे वाटतात. डिस्टोपियन कथा म्हणजे समाज पूर्ण बिघडला तर जगणं कसं होईल, हे दाखवणारी कथा. तिच्यात भीतीचं वातावरण असतं, हुकूमशहा असतो, बंड असतं. पण त्या सगळ्याच्या खाली एक अर्थव्यवस्था चालू असते. धान्य कोण वाटतं, कर्ज कोणाचं कोणावर आहे, पैशाचं खातं कोणाच्या ताब्यात आहे, हे पाहिल्याशिवाय तिथला माणूस गप्प का बसतो ते कळत नाही. आणि चांगल्या लेखकांनी ही अर्थव्यवस्था हवेतून आणलेली नाही. ती आधी कुठेतरी, कोणावर तरी घडून गेलेली आहे. हे साहित्य भविष्यवाणी म्हणून वाचण्यापेक्षा ‘हे याआधी कोणाच्या वाट्याला आलं?’ असं विचारत वाचलं, तर जागतिक अर्थकारण आणि राजकारण समजायला त्याचा फार उपयोग होतो, असं माझं ठाम मत आहे.

आधी आकड्यांचंच घेऊ. महागाईचा दर ही काही फक्त अर्थशास्त्रज्ञांच्या कामाची गोष्ट नाही. त्यावर पगारवाढ ठरते, पेन्शन ठरते, काही देशांत सरकारी कर्जरोख्यांवर किती रक्कम द्यायची तेही ठरतं. अर्जेंटिनात 2007 च्या सुरुवातीला सरकारनं राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेतल्या महागाई मोजणाऱ्या अधिकाऱ्यांना हटवलं. त्यानंतर सरकारी महागाई आणि बाजारातली महागाई यांचा मेळ बसेना. लोक दुकानात जे भाव मोजत होते त्याच्या निम्म्याहून कमी दर कागदावर दिसायचा. महागाईशी जोडलेल्या रोख्यांवर सरकारला कमी पैसे द्यावे लागत होते, हा त्यातला उघड फायदा. 2011 मध्ये तर स्वतः भाव मोजून वेगळा आकडा जाहीर करणाऱ्या खासगी सल्लागार संस्थांना दंड झाले. 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं चुकीच्या आकडेवारीबद्दल अर्जेंटिनावर ठपका ठेवला. एखाद्या देशावर या कारणासाठी असा ठपका येण्याची ती पहिली वेळ होती. 2015 च्या शेवटी सत्ता बदलली. ज्याच्या सल्लागार संस्थेला दंड झाला होता, तोच अर्थतज्ज्ञ होर्गे तोदेस्का सांख्यिकी संस्थेचा प्रमुख झाला. नवा निर्देशांक तयार झाला आणि 2016 च्या नोव्हेंबरमध्ये नाणेनिधीनं ठपका मागे घेतला.

अर्जेंटिनात तेव्हा निवडणुका होत होत्या, वर्तमानपत्रं टीका करत होती, छळाची खोली नव्हती. तरीही बुटांचा हिशेब व्हायचा तसा झाला. मला वाटतं, ऑर्वेलचं हे पान एकपक्षीय राजवटीबाहेरच्या वाचकांनीही नीट वाचायला हवं ते यासाठी.

आता रेशनकडे येऊ. ऑर्वेल ही कादंबरी लिहीत होता तेव्हा युद्ध संपूनही ब्रिटनमध्ये रेशनिंग चालूच होतं. उलट पाव, जो युद्धात रेशनवर नव्हता, तो 1946 ते 1948 या काळात रेशनवर आला. म्हणजे कादंबरीतली बेचव जेवणं, बोथट ब्लेडं आणि गळके नळ त्याच्या अवतीभवतीचेच होते. पण ‘पोटाला कमी द्यायचं आणि तेच पुरेसं आहे असं ठरवायचं’ हा प्रयोग ब्रिटिश साम्राज्यानं त्याच्या कितीतरी आधी केला होता, आणि तो आपल्या दख्खनमध्ये. 1876 ते 1878 च्या दुष्काळात सरकारनं दुष्काळी भागात पाठवलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी दुष्काळी कामावरच्या मजुराचं रोजचं धान्य घटवून प्रौढ पुरुषामागे एक पौंडावर, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमवर आणलं. वर एक आणा. दिवसभर खडी फोडायची आणि एवढ्यावर जगायचं. खर्च वाचला पाहिजे, हे कारण. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी याविरुद्ध काम सोडलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले. देशाबाहेर धान्याची निर्यात त्या काळातही सुरूच होती.

ऑर्वेलला हे साम्राज्य आतून माहीत होतं. त्याचा जन्म 1903 मध्ये बिहारमधल्या मोतिहारीचा. वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. शेतकऱ्याकडून अफू पिकवून घ्यायची आणि ती चीनला विकायची, हे त्या खात्याचं काम. तो स्वतः 1922 ते 1927 बर्मात पोलीस अधिकारी होता. त्यामुळे ‘1984’ मध्ये एक तपशील येतो, जो युरोपातल्या वाचकाच्या नजरेतून सहज निसटतो. कादंबरीत जग तीन महासत्तांमध्ये वाटलेलं आहे आणि त्यांच्यात कायम युद्ध चालू असतं. कशासाठी? टँजिअर, ब्राझाव्हिल, डार्विन आणि हाँगकाँग या चार टोकांच्या मधल्या प्रदेशासाठी. तिथे जगातली पाचवा हिस्सा माणसं राहतात. विषुववृत्तीय आफ्रिका, मध्यपूर्व, दक्षिण भारत, इंडोनेशिया. हा मुलूख आज एकाच्या हातात जातो, उद्या दुसऱ्याच्या. तिथल्या माणसांना कोळशासारखं किंवा तेलासारखं वापरलं जातं. लंडनमधल्या विन्स्टनचं दुःख आपण तीनशे पानं वाचतो, या कोट्यवधी माणसांना मात्र एक-दोन परिच्छेद मिळतात. पण ऑर्वेलनं ते परिच्छेद लिहिले, हेही थोडं नाही.

युद्धाचं अर्थकारण त्यानं फार सोपं करून सांगितलंय. यंत्रं आली. आता सगळ्यांना पुरेल एवढं उत्पादन होऊ शकतं. सगळ्यांना पोटभर मिळालं, सवड मिळाली, शिक्षण मिळालं, तर लोक विचारू लागतील की वरच्या मूठभरांची गरज काय? म्हणून कारखाने चालू ठेवायचे पण माल लोकांपर्यंत पोचू द्यायचा नाही. यासाठी युद्ध सोयीचं. शेकडो मालवाहू जहाजं बांधता येतील एवढे श्रम एका तरंगत्या किल्ल्यात घालायचे, तो जुना झाला की मोडीत काढायचा आणि पुन्हा नवा बांधायला घ्यायचा.

हे जसंच्या तसं आजच्या जगाला लावता येणार नाही. शेजारी खरोखर चाल करून येतो तेव्हा देशाला शस्त्रं लागतातच. युक्रेनच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पण 2024 मध्ये जगानं लष्करावर सुमारे 2.7 लाख कोटी डॉलर खर्च केले. त्यातला किती खर्च धोक्याच्या प्रमाणात होता आणि किती कारखाने, कंत्राटं आणि निवडणुकीतली भाषणं चालू राहावीत म्हणून झाला, हा प्रश्न प्रत्येक देशाच्या नागरिकानं आपापल्या सरकारला विचारण्यासारखा आहे.

‘द हंगर गेम्स’ ही सुझन कॉलिन्सची 2008 मधली कादंबरी किशोरांसाठीची म्हणून अनेकांनी बाजूला ठेवली असेल. मी ती अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला लावावी म्हणेन. पानेम नावाच्या देशात एक झगमगती राजधानी आहे आणि भोवती बारा जिल्हे. प्रत्येक जिल्ह्यानं एकच गोष्ट करायची. बाराव्यात कोळसा, अकराव्यात शेती, चौथ्यात मासेमारी. कोळसा खणणाऱ्या बाराव्या जिल्ह्यात वीज दिवसातून काही तासच असते. शेतीच्या अकराव्या जिल्ह्यात पिकातलं तोंडात टाकलं तर फटके बसतात. आणि उपाशी घरातल्या मुलांसाठी एक योजना आहे. एका माणसाचं वर्षभराचं थोडं धान्य आणि तेल घ्यायचं. त्या बदल्यात मरणाच्या खेळासाठी जी सोडत निघते तिच्यात आपल्या नावाची एक चिठ्ठी जास्त टाकायची. चिठ्ठ्या वर्षागणिक साठत जातात. म्हणजे सोडत दिसायला सगळ्यांना सारखी, पण गरिबाचं नाव निघायची शक्यता कितीतरी पट जास्त.

अर्थशास्त्रात याला केंद्र आणि परीघ असं म्हणतात. परिघावरचा देश कच्चा माल पाठवतो, केंद्रातला देश पक्का माल विकतो. 1950 च्या सुमारास अर्जेंटिनाचे राउल प्रेबिश आणि त्यांच्याच काळात हान्स सिंगर यांनी दाखवलं, की दीर्घकाळात कच्च्या मालाचे भाव पक्क्या मालाच्या तुलनेत घसरत जातात. आज एका यंत्रासाठी जेवढी कॉफीची पोती द्यावी लागतात, त्याहून काही वर्षांनी जास्त द्यावी लागतील. एकाच पिकावर किंवा एकाच खनिजावर उभा असलेला देश त्यामुळे कष्ट वाढवूनही मागे राहतो. याला अपवाद आहेत, तेलाच्या किमतींनी काही देश गब्बर झाले. पण काँगो पाहा. जगातलं 70 टक्क्यांच्या आसपास कोबाल्ट या एका देशातल्या खाणींतून निघतं. आपल्या फोनच्या आणि गाड्यांच्या बॅटऱ्यांत ते जातं. आणि काँगोतल्या दर पाच माणसांपैकी साधारण एकाच्याच घरी वीज आहे. बाराव्या जिल्ह्याची गोष्ट अमेरिकी मुलांना कल्पनारम्य वाटत असेल, काँगोतल्या लुबुम्बाशी शहरातल्या मुलाला ती तशी वाटायचं काही कारण नाही.

आपल्याकडे तर हा हिशेब फार आधी मांडला गेलाय. भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी 1841 मध्ये मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रात पत्रं लिहून इंग्रजी राज्यात देशाची संपत्ती बाहेर चालली आहे हे परखडपणे सांगितलं. दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर आकडे जमवून ती गळती मोजली. त्यांचा ग्रंथ 1901 चा. आणि मला ज्यांच्याबद्दल विशेष आदर वाटतो ते सखाराम गणेश देउस्कर. मराठी घरातला हा माणूस, आजच्या झारखंडातल्या देवघर भागात वाढला आणि बंगालीत लिहू लागला. 1904 मध्ये आलेल्या ‘देशेर कथा’ या त्यांच्या पुस्तकानं परकी राज्यातल्या लुटीची माहिती बंगाली वाचकाला सोप्या भाषेत दिली. स्वदेशी चळवळीत ते घरोघर वाचलं गेलं. 1910 मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. आकडे सोप्या भाषेत सांगणाऱ्या पुस्तकाची सत्तेला किती धास्ती वाटते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

कर्ज हा विषय मात्र मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण इथे बळजबरी डोळ्यांना दिसतच नाही. ‘स्क्विड गेम’ ही 2021 मधली कोरियन मालिका मराठी घरांतही भरपूर पाहिली गेली. कर्जात बुडालेली 456 माणसं जिवावरच्या खेळात उतरतात. पण मालिकेतला खरा धक्का पहिल्या भागातल्या गोळीबाराचा नाही. दुसऱ्या भागात मतदान होतं, बहुमतानं खेळ थांबतो, सगळे घरी जातात. आणि मग त्यांतले बहुतेक स्वतःच्या पायांनी परत येतात, कारण बाहेर वसुलीवाले, आईचं आजारपण आणि रिकामा खिसा तसाच असतो. नायक गी-हून हा संपानंतर मोटार कारखान्यातून काढला गेलेला कामगार. 2009 च्या सँगयाँग मोटर्सच्या संपावरून हे सुचलं, असं दिग्दर्शक ह्वांग डाँग-ह्युक यांनी सांगितलंय. मालिका आली त्या वर्षी दक्षिण कोरियातल्या कुटुंबांवरचं एकूण कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नापेक्षा जास्त होतं. झगमगत्या निर्यातीच्या आकड्यांमागचं हे दुसरं कोरिया जगानं त्या मालिकेमुळे पाहिलं.

ऑक्टाव्हिया बटलर या अमेरिकी लेखिकेनं 1993 मध्ये लिहिलेल्या ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ची गोष्ट 2024 मध्ये सुरू होते. पाणी महाग, रस्त्यावर लूटमार. अशात ऑलिव्हार नावाचं समुद्रकाठचं गाव एक बडी कंपनी विकत घेते. नोकरी, घर, कुंपण, सुरक्षा, सगळं मिळेल. पगार मात्र जेमतेम. नायिकेच्या वडिलांना लगेच कळतं की पगारात भागणार नाही, कंपनीचंच देणं वाढत जाईल आणि देणं फिटेपर्यंत गाव सोडता येणार नाही. त्यांना हे कळतं कारण ते अमेरिकेत घडून गेलेलं आहे. शिकागोजवळ जॉर्ज पुलमननं 1880 मध्ये आपल्या रेल्वेडबे कारखान्यातल्या कामगारांसाठी गाव वसवलं. 1893 च्या मंदीत त्यानं मजुरी कापली, घरभाडं मात्र तेवढंच ठेवलं. 1894 मध्ये संप झाला आणि तो मोडायला केंद्र सरकारनं फौज पाठवली.

पण मुंबईत घडणारं एक नाटक मला या सगळ्यांहून थेट भिडतं. मंजुळा पद्मनाभन यांचं ‘हार्वेस्ट’. इंग्रजीत लिहिलेल्या या नाटकाला 1997 मध्ये ग्रीसचा ओनासिस पुरस्कार मिळाला. काळ धरलाय 2010 चा, म्हणजे तेव्हाचा भविष्यकाळ. एका खोलीत ओम, त्याची बायको जया, आई आणि धाकटा भाऊ जीतू राहतात. ओमची नोकरी गेलेली. तो एका परदेशी कंपनीशी करार करतो. आपलं शरीर निरोगी राखायचं आणि परदेशातल्या श्रीमंत गिऱ्हाइकाला लागेल तेव्हा लागेल तो अवयव द्यायचा. दाता अविवाहित हवा, म्हणून जयाला त्यानं बहीण म्हणून दाखवलेलं असतं.

करार होताच माणसं येऊन घरातली चूल आणि भांडी काढून नेतात आणि त्यांच्या जागी कंपनीचा खुराक येतो. छताला एक यंत्र टांगलं जातं, त्यातून जिनी नावाची गोरी तरुणी वाटेल तेव्हा घरात डोकावते. अनेक घरांत मिळून एकच संडास आहे हे कळल्यावर तिला किळस येते आणि खोलीतच न्हाणीघर बांधून मिळतं. ओम उदास दिसू नये, यावरही तिचं लक्ष असतं. सासूबाई टीव्ही आणि आरामात रमतात. शेजाऱ्यांच्या नजरेत घर वर आलेलं असतं. इथे कोणी कोणाला मारत नाही, सगळं कागदावर सही करून झालंय. ओमला विचारलं तर तो म्हणेल की मी मर्जीनं आलोय. आणि तेच नाटकाचं म्हणणं आहे: जगात एकीकडे पैसा आणि म्हातारपण साठलं, दुसरीकडे तरुण शरीरं आणि बेकारी साठली, की मधल्या कराराला ‘मर्जी’ म्हणायचं का? जया एकटी हा प्रश्न सोडत नाही. ती पुढे काय करते ते इथे सांगत नाही, नाटक वाचाच.

याचं सगळ्यात जवळचं रूप बीडला पाहायला मिळतं. ऊसतोडीला जाणारं जोडपं, ज्याला तिकडे ‘कोयता’ म्हणतात, हंगामाआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतं. लग्न, दवाखाना, घराचे पत्रे, काहीतरी कारण असतंच. मग दिवाळीच्या सुमारास निघून पुढचे पाच-सहा महिने त्या उचलीपोटी ऊस तोडायचा. एक दिवस काम चुकलं तर खाडा, म्हणजे पैसे कापले जाणार. पाळीतही खाडा परवडत नाही. हंगामाअखेर उचल फिटली नाही तर ती पुढच्या वर्षाच्या मानेवर बसते. या भागात ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली गेल्याचं समोर आलं आणि 2019 मध्ये राज्य सरकारला समिती नेमून चौकशी करावी लागली. वेठबिगारी 1976 च्या कायद्यानं गुन्हा ठरली आहे. ऊस तोडायला कोणी बंदूक लावून नेत नाही. तरीही बटलरच्या ऑलिव्हारमध्ये आणि उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, देण्याघेण्याची रीत एकच आहे.

खात्याबद्दल आता. मार्गारेट अ‍ॅटवुडची ‘द हँडमेड्स टेल’ 1985 ची. तिनं स्वतःवर एक नियम घालून घेतला होता: इतिहासात कुठेतरी घडलेलं नाही असं काहीही पुस्तकात घालायचं नाही. त्यातलं एक दृश्य फार साधं आहे. नायिका सकाळी नेहमीच्या दुकानात सिगारेट घ्यायला जाते आणि तिचा खाते क्रमांक चालत नाही. त्याच दिवशी बायकांना नोकरीवरून काढतात. संध्याकाळपर्यंत कळतं, की देशातल्या सगळ्या बायकांची खाती गोठवली आहेत आणि पैसे नवऱ्याच्या किंवा जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या हाती गेलेत. रोख पैसा जवळपास संपलेलाच असतो, त्यामुळे हे एका दिवसात करता येतं. नवरा लूक प्रेमळ आहे. ‘मी सांभाळीन तुला’ असं तो म्हणतो. तिला त्या क्षणी जाणवतं, की त्याला या बदलाचं फारसं वाईट वाटलेलं नाही. माझ्या लेखी सगळ्या पुस्तकातली ही सर्वांत भेदक जागा आहे.

आणि हेही घडलेलंच होतं. फ्रान्समध्ये विवाहित बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय स्वतःच्या नावे खातं उघडण्याचा हक्क 1965 मध्ये मिळाला. अमेरिकेत कर्ज देताना बाई म्हणून भेदभाव करण्यावर बंदी आली 1974 मध्ये.

आता हेच दृश्य देशांच्या पातळीवर पाहा. कोणत्याही देशाची परकी चलनाची गंगाजळी बहुतांशी दुसऱ्या देशांच्या बँकांमधल्या नोंदींच्या रूपात असते. 2021 मध्ये तालिबान सत्तेवर आलं तेव्हा अमेरिकेत ठेवलेले अफगाण मध्यवर्ती बँकेचे सुमारे 700 कोटी डॉलर गोठले. 2022 मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे 30,000 कोटी डॉलरच्या आसपासचे साठे गोठवले गेले. हल्लेखोराला शिक्षा म्हणून हे योग्य होतं असं मला वाटतं. काबूलमध्ये मात्र ज्यांनी तालिबानला निवडलं नव्हतं अशा माणसांनाही त्याचा मार बसला. दोन्ही वेळा जगाला एक गोष्ट लख्ख दिसली, ती म्हणजे नोंदवही ज्याच्या हातात, निर्णय त्याचा. त्यानंतर अनेक मध्यवर्ती बँकांनी सोन्याची खरेदी वाढवली, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आल्डस हक्सलेच्या 1932 मधल्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’बद्दल थोडक्यात सांगतो. तिथे टंचाई नाही, उलट माल खपवायची चिंता आहे. लहान मुलांना विजेचे झटके देऊन फुलांचा तिटकारा लावतात, कारण फुलं पाहायला पैसे पडत नाहीत. मैदानी खेळांची मात्र गोडी लावतात, कारण त्यांना साहित्य आणि प्रवास लागतो. वस्तू दुरुस्त करू नका, टाकून द्या, हे त्यांना झोपेत पढवलं जातं. महामंदीत गोदामं भरलेली आणि गिऱ्हाईक नाही, असं जग लेखकाच्या समोर होतं.

या साहित्याची मर्यादा मला दोन जागी जाणवते. पहिली, यात बहुधा एक सूत्रधार असतो. खऱ्या अर्थकारणात पुष्कळदा तो नसतो. 2010 च्या उन्हाळ्यात रशियात भयंकर उष्मा आणि दुष्काळ पडला. आपल्या माणसांना पाव मिळावा म्हणून रशियानं ऑगस्टमध्ये गव्हाची निर्यात बंद केली. जगात गव्हाचे भाव चढले. इजिप्त हा तेव्हा गव्हाचा सर्वांत मोठा आयातदार. पुढच्या जानेवारीत कैरोच्या चौकात लोक जमले तेव्हा त्यांच्या घोषणेतला पहिला शब्द ‘भाकरी’ होता. त्या उठावामागे जुलूम होता, बेकारी होती, भाववाढ ही त्यांतली एक. पण मॉस्कोत बसून कोणी कैरोचा कट रचला नव्हता. प्रत्येकानं आपापल्या परीनं शहाणपणाचा निर्णय घेतला आणि त्याचा फटका तिसऱ्याला बसला. खलनायक शोधायची सवय लागलेल्या वाचकाला असं जग कळायला जड जातं.

दुसरी मर्यादा म्हणजे सुटकेची कल्पना. ‘द हंगर गेम्स’च्या गोष्टीत एक मुलगी धनुष्य उचलते आणि राजवट कोसळते. प्रत्यक्षात काय लागतं, ते मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवरून पाहता येतं. 1834 पासून साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर करारावर तिथे नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात आणि मराठी शिकतात. करार पाच वर्षांचा. मळ्याबाहेर पडायचं तर पास. आणि एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा ‘डबल कट’चा नियम. बीडचा खाडा आणि हा नियम एकाच जातकुळीचे.

ही पद्धत कोणा एका वीरानं मोडली नाही. मजुरांनी स्वतः अर्ज लिहिले, चौकशी आयोग नेमले गेले, मृत्यूंचे आणि आत्महत्यांचे आकडे गोळा झाले. दक्षिण आफ्रिकेतून गांधी लिहीत होते. कोतळूकसारख्या कोकणातल्या खेड्यात जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले 1910 मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात उभे राहिले, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत मजूर पाठवणं थांबवा हा ठराव त्यांनी आणला आणि तो सरकारला मानावा लागला. 1912 च्या मार्चमध्ये त्यांनी संपूर्ण करारी मजुरीच बंद करा असा ठराव मांडला. भाषणात त्यांनी कराराच्या अटी, कैदेच्या शिक्षा, आत्महत्यांचं प्रमाण एकेक करून वाचून दाखवलं. सरकारी सभासदांच्या मतांवर तो ठराव पडला. गोखले 1915 मध्ये गेले. पुढच्या वर्षी मदनमोहन मालवीयांनी तीच मागणी पुन्हा आणली, सरकारनं ती तत्त्वतः मान्य केली आणि 1917 मध्ये भरती थांबली.